वीज केंद्राची जागा पाणी ठरवतं

चंद्रपूरच्या ऊर्जानगरमधल्या वीज केंद्राजवळून जाताना ते मधे निमुळते होत गेलेले प्रचंड मनोरे दिसले, की गाडीत कुणीतरी म्हणतंच, "केवढा धूर सोडतात बघा!" तो धूर नसतो. कोळशाचा धूर शेजारच्या उंच, सडपातळ चिमणीतून निघतो. मनोऱ्यातून पांढऱ्या ढगासारखं वर जातं ते इरई धरणाचं पाणी.

कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेने टर्बाइन फिरवायचं, एवढं शाळेत शिकलेलं असतं. पण काम झालेली वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करावं लागतं, तरच चक्र चालू राहतं. कोळशातली जवळपास निम्मी उष्णता अशी बाहेर टाकावी लागते आणि ती वाहून न्यायला पाणी लागतं. एका युनिटमागे साधारण तीन-साडेतीन लिटर. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घरासाठी दीड-पावणेदोन पिंपं पाणी, नळाला न येताच संपलेलं.

कोळशाचं गणित वेगळं. एका युनिटला सहाशे-सातशे ग्रॅम लागतो आणि आपल्याकडच्या कोळशात तिसरा हिस्सा किंवा जास्तच राख असते. १००० मेगावॉटचं केंद्र दिवसभर पूर्ण क्षमतेने चालवायचं तर चार मालगाड्या हव्यात, म्हणजे त्यातली एकाहून जास्त गाडी नुसती राखच वाहते. त्यापेक्षा खाणीशेजारी केंद्र बांधून वीज तारेने पाठवणं परवडतं. २९२० मेगावॉटचं चंद्रपूर त्याच हिशोबाने उभं आहे. तिथून कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची, ५०० किलोव्होल्टची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची वाहिनी येते. इतक्या लांबवर डीसीत गळती कमी होते. दिवे आमच्या मुंबई-ठाण्यात लागतात आणि राख चंद्रपूरच्या वाट्याला येते. हे ओझं विजेच्या दरात कुठेच दिसत नाही, ते दिसायला हवं असं मला मनापासून वाटतं.

परळीला खाण जवळ नाही. कोळसा रेल्वेने येतो आणि पाणी गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून. २०१३च्या फेब्रुवारीत पाणी संपलं आणि ११३० मेगावॉटचं केंद्र थांबलं. यंत्रं धड होती, माणसं हजर होती, फक्त थंड करायला पाणी नव्हतं. २०१५ला पुन्हा तेच झालं. पूर्ण भारावर या केंद्राला रोज नऊ-साडेनऊ कोटी लिटर पाणी लागलं असतं. आजूबाजूच्या गावांत टँकर फिरत असताना ते बॉयलरकडे वळवणं कुणालाही शोभलं नसतं.

तारापूरचं अणुकेंद्र १९६९ साली समुद्रकाठी आलं ते उगाच नाही. युरेनियमचं वजन किरकोळ, त्यामुळे खाण कुठे आहे याला महत्त्व नाही. थंड करायला अथांग खारं पाणी आणि मुंबई शेजारी.

कोयनेत मात्र पाणी हेच इंधन. नदी निघते महाबळेश्वरला आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळून पूर्वेकडे जाते. अभियंत्यांनी तिला हेळवाकजवळ अडवून बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला काढलं. पोफळीला, डोंगराच्या पोटात, ते पाणी सुमारे ४७५ मीटर खाली कोसळतं. गच्चीवरची हजार लिटरची टाकी एवढ्या उंचीवरून सोडली, तर एक युनिट किंवा त्याहून थोडी जास्त वीज मिळते. फक्त एक! टाकीकडे बघून हे आठवावं. पुढे ते पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला ते परत मिळत नाही आणि धरणात घरं-शेतं गेलेल्या माणसांनी तर त्याची किंमत आधीच मोजली आहे.

म्हणून धुळ्याच्या साक्री तालुक्यातला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प मला मोलाचा वाटतो. पॅनेल धुण्यापुरतं पाणी सोडलं तर त्याला तहान नाही. अडचण एकच, सूर्य मावळतो. कोळशाचं थंड पडलेलं केंद्र तापायला कित्येक तास घेतं, कोयनेची चक्रं काही मिनिटांत वेग घेतात. दुपारी माळावरच्या उन्हाने भागवून कोयना बंद ठेवता आली, तर दर युनिटमागे हजारभर लिटर पाणी शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, शिल्लक राहतं. संध्याकाळी घराघरांत दिवे लागले, की तेच पोफळीला सोडता येतं.