कात्री लावण्याआधी गुणक किती ते सांगा

मे २०१० मध्ये युरोपीय देश आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने मिळून ग्रीसला ११० अब्ज युरोंचं कर्ज देऊ केलं. कर्जासोबत अटी आल्या आणि अटींसोबत एक हिशेब आला. सरकारने खर्च कापायचा, कर वाढवायचे. दोन वर्षं अर्थव्यवस्था आकसेल आणि २०१२ पासून पुन्हा वाढू लागेल. नाणेनिधीचा हा अंदाज ज्या गृहीतकावर उभा होता ते एका छोट्या आकड्यात मावतं : सुमारे ०.५. अर्थशास्त्रात त्याला गुणक म्हणतात. सरकारी खर्च कापावा की नाही यावर जगभर जी भांडणं होतात, त्यातलं निम्मं तरी भांडण या एका आकड्याचं आहे. राजकारणी मंडळी मात्र त्याचं नाव क्वचितच घेतात.

गुणक समजायला दिवाळीचा बोनस आठवा. बोनस हातात आला की माणूस कापडाच्या दुकानात जातो. कापडवाला त्या कमाईतून घराला रंग देतो, रंगारी पोराची फी भरतो. पैसे एकच, पण ते तीन-चार हातांतून फिरतात. प्रत्येक हातात त्यातलं थोडं गळतं : काही शिलकीत पडतं, काही करात जातं, काही परदेशी मालावर जातं. बोनस बंद झाला की हीच साखळी उलटी फिरते. ग्रीसमध्ये नेमकं हेच झालं. तिथे सरकारी नोकरांना आणि पेन्शनरांना नाताळ, ईस्टर आणि उन्हाळी सुट्टी मिळून वर्षाला दोन जादा पगार मिळत. २०१० मध्ये त्यांच्यावर कात्री चालली. त्याच वर्षी मूल्यवर्धित कर दोन टप्प्यांत १९ वरून २३ टक्क्यांवर गेला. गुणक ०.५ याचा अर्थ असा, की सरकारने १०० युरो कापले तर देशाचं एकूण उत्पन्न ५० युरोंनी घटेल. गुणक १.५ असेल, तर १५० युरोंनी.

फरक एवढाच वाटतो, पण कागद-पेन्सिल घेऊन बसा. एका देशाचं उत्पन्न १०० आहे आणि कर्ज १२०. सरकारने ३ कापले. उत्पन्न घटलं की करही घटतो. घटलेल्या दर रुपयामागे ४० पैसे कर बुडतो असं धरू. गुणक ०.५ असेल तर उत्पन्न दीडने घटून ९८.५ होईल, बुडालेला कर ०.६, म्हणजे खरी बचत २.४. कर्ज ११७.६ राहील. कर्जाचं उत्पन्नाशी प्रमाण १२० टक्क्यांवरून ११९.४ वर येईल. औषध लागू पडलं. आता गुणक १.५ धरा. उत्पन्न ९५.५, बुडालेला कर १.८, खरी बचत फक्त १.२, कर्ज ११८.८. प्रमाण १२४.४ टक्के! तोच देश, तेवढीच काटकसर, लोकांना सोसावी लागणारी झळ तिप्पट आणि कर्जाचा बोजा मात्र आधीपेक्षा जड. हे उदाहरण एका वर्षाचं आणि बरंच सोपं केलेलं आहे, पण मूळ मुद्दा त्यात पुरता येतो.

ग्रीसमध्ये दुसरा हिशेब खरा ठरला. २०१२ मध्ये वाढ आली नाही. २००८ ते २०१३ या काळात देशाचं उत्पन्न सुमारे एक चतुर्थांशाने घटलं. बेरोजगारी २७ टक्क्यांवर गेली, तरुणांमध्ये तर निम्म्याहून अधिक जण बेकार होते. २००९ मध्ये कर्ज उत्पन्नाच्या सुमारे १२७ टक्के होतं. २०१२ मध्ये कर्ज देणाऱ्या खासगी संस्थांनी मोठी रक्कम सोडून दिली, तरीही २०१८ मध्ये ते १८० टक्क्यांच्या वर होतं.

नाणेनिधीने ही चूक स्वतःच मोजली, याचं मला खरंच कौतुक आहे. तेव्हाचे तिथले मुख्य अर्थतज्ज्ञ ओलिव्हिए ब्लँशार आणि डॅनियल ली यांनी युरोपातल्या देशांची यादी घेतली. एका बाजूला प्रत्येक देशाने ठरवलेली काटकसर मांडली, दुसऱ्या बाजूला वाढीचा अंदाज किती चुकला तो. ज्यांनी जास्त कात्री लावली, त्यांचेच अंदाज जास्त चुकले होते. काटकसरीच्या दर एका टक्क्यामागे वाढ अंदाजापेक्षा सुमारे एक टक्क्याने कमी भरली होती. अंदाज करताना गुणक ०.५ च्या आसपास धरला होता. प्रत्यक्षात तो ०.९ ते १.७ असावा, असा निष्कर्ष ऑक्टोबर २०१२ मध्ये छापून आला.

मग त्या वेळी कात्रीची एवढी घाई का झाली? एक कारण म्हणजे घरखर्चाची उपमा. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी २००८ मध्ये हेच श्वाबिया प्रांतातल्या काटकसरी गृहिणीचा दाखला देऊन सांगितलं होतं. घरापुरतं ते शंभर टक्के खरं आहे. मी घरात खर्च कमी केला म्हणून माझा पगार कमी होत नाही. सरकारचं उत्पन्न मात्र लोकांच्या कमाईतून येतं आणि त्या कमाईचा एक वाटा सरकारच्याच खर्चातून आलेला असतो. इथे पाय आखडले की अंथरूणही आखडतं.

दुसरं कारण एका एक्सेल फाइलमध्ये होतं. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला : कर्ज जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या एकूण उत्पन्नाच्या, ९० टक्क्यांवर गेलं की विकसित देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्यावर येते. ९० हा आकडा ब्रिटन, अमेरिका, ब्रसेल्स, सगळीकडच्या भाषणांत गाजला. पुढे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने वर्गातला अभ्यास म्हणून तो हिशेब पुन्हा करायला घेतला. उत्तर जुळेना. त्याने मूळ फाइल मागितली आणि लेखकांनी ती दिलीही. सरासरीचं सूत्र तिसाव्या ओळीपासून सुरू होत होतं. ते ४९ व्या ओळीपर्यंत जायला हवं होतं, पण ४४ वरच थांबलं होतं. तळाच्या पाच ओळींतले ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क मोजणीतून सुटले होते.

चर्चा या पाच ओळींचीच झाली, पण त्याहून मोठा परिणाम भारांकनाचा, म्हणजे सरासरीत कुठल्या देशाला किती वजन दिलं याचा होता. ब्रिटनने ९० टक्क्यांहून अधिक कर्ज घेऊन १९ वर्षं काढली आणि तेव्हा त्याची वाढ सरासरी २.४ टक्के होती. न्यूझीलंडचं एकच वर्ष धरलं होतं, १९५१, आणि त्यात वाढ उणे ७.६. दोन्ही देशांना वजन सारखंच. हर्नडन आणि त्याचे प्राध्यापक मायकेल अ‍ॅश आणि रॉबर्ट पोलिन यांनी एप्रिल २०१३ मध्ये दुरुस्त आकडा मांडला : २.२ टक्के. ओळींची चूक मूळ लेखकांनी मान्य केली, पद्धतीवरचे आक्षेप मान्य केले नाहीत. जास्त कर्जाच्या देशांची वाढ काहीशी कमी असते, हे दुरुस्त आकड्यांतही दिसतं. पण ९० टक्क्यांवर कडा आहे आणि पुढे दरी, असं त्यात काही नाही. शिवाय कर्जामुळे वाढ मंदावते की वाढ मंदावल्यामुळे कर्ज फुगतं, हे नुसत्या सरासरीतून कळत नाही.

गुणक मोजणं अवघड आहे ते याच गुंत्यामुळे. ज्या घरात आजारी माणूस, त्या घरात औषधं जास्त. म्हणून औषधाने आजार होतो असं कुणी म्हणत नाही. एमी नाकामुरा आणि योन स्टाइन्सन या अर्थतज्ज्ञांनी यातून छान वाट काढली. अमेरिकेचा संरक्षण खर्च जागतिक राजकारणानुसार वाढतो-घटतो. कुठल्या राज्यात मंदी आहे हे पाहून नव्हे. खर्च वाढला की कॅलिफोर्नियाच्या वाट्याला बराच येतो, इलिनॉयच्या वाट्याला थोडाच. राज्याराज्यांतला हा फरक वापरून त्यांनी गुणक काढला, तो दीडच्या आसपास आला. इतर अभ्यासांत मंदीत गुणक मोठा आणि तेजीत छोटा दिसतो. त्याला कारण आहे. खोल मंदीत व्याजदर बरेचदा आधीच शून्याला टेकलेले असतात, म्हणजे खर्च कापल्यावर मध्यवर्ती बँकेला व्याज उतरवून आधार देता येत नाही. ग्रीसकडे तर स्वतःचं चलनच नव्हतं.

याच्या अगदी उलट कॅनडा. १९९५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री पॉल मार्टिन यांनी जबर कपात केली आणि १९९७-९८ मध्ये संघराज्याचा ताळेबंद शिलकीत आला. प्रांतांना आरोग्य-शिक्षणासाठी जाणारा पैसा कापला गेला, त्याचा त्रास लोकांना झालाच. पण व्याजदर उतरत होते, कॅनडाचा डॉलर स्वस्त होता आणि शेजारची अमेरिका तेजीत होती. सरकारने सोडलेली जागा निर्यातीने भरून काढली. म्हणून ‘कॅनडाला जमलं, तुम्हाला का नाही?’ या प्रश्नावर माझा प्रतिप्रश्न असतो, की त्या वर्षी तुमचा माल घ्यायला दारात कोण उभं आहे?

आणि कात्री कशावर चालते, हाही प्रश्न आहेच. आपल्या केंद्र सरकारची तूट करोनाच्या २०२०-२१ या वर्षी जीडीपीच्या ९.२ टक्के होती, ती २०२३-२४ पर्यंत ५.६ वर आली. या काळात रस्ते, रेल्वे यांसारख्या कामांवरचा भांडवली खर्च सव्वाचार लाख कोटींवरून साडेनऊ लाख कोटींपर्यंत वाढला. हे नेहमी होत नाही. पगार, पेन्शन आणि व्याज टाळता येत नाही, त्यामुळे तंगी आली की पहिली कात्री सहसा अर्धवट पुलावर आणि मंजूर झालेल्या पाटबंधाऱ्यावर पडते. त्यामुळे अर्थसंकल्पाच्या दिवशी टीव्हीवर तुटीचा आकडा झळकला, की मी आधी भांडवली खर्चाचा तक्ता उघडतो.