‘मॅडम, किती खेपा लागतीन?’
(आर्वीच्या आमच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक)

फोनवर असो की दारात चप्पल काढताना, पहिला प्रश्न हाच असतो. आष्टी-कारंजाकडून एसटीने येणाऱ्याचा अख्खा दिवस जातो, मजुरी बुडते, म्हणून प्रश्न रास्तच आहे. आम्ही मात्र एका आकड्यात उत्तर देत नाही आणि समोरच्याला वाटतं, मॅडम टाळून राहिल्या. तसं नाही. त्रास कोणता आणि त्यावर बोलण्याची कोणती पद्धत लागू पडते, यावर तो आकडा ठरतो. तेच एकदा नीट लिहून काढलंय. घरी न्या, घरच्यांनाही वाचू द्या.

इथे गोळ्या मिळत नाहीत, हे बहुतेकांना माहीत असतं. गोळी लिहून देणं हे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचं काम. गरज दिसली तर आम्ही सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरला चिठ्ठी देतो. बऱ्याच जणांचं गोळी आणि बोलणं दोन्ही सोबत चालतं, त्यात वावगं काही नाही. चालू असलेली गोळी मात्र आमच्याकडे येऊ लागलात म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आता पद्धतींविषयी. मोबाइलवर व्हिडिओ पाहून ‘आम्हाला सीबीटीच पाहिजे’ म्हणत येणारे वाढलेत. सीबीटी म्हणजे विचार आणि वागणूक तपासून बदलण्याची पद्धत. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे डॉक्टर आरन बेक यांनी १९६० च्या दशकात ती मांडली. तिच्या थोडं आधी, १९५५ च्या सुमारास, अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत आली. ती मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवली. दोन्हींचा गाभा एकच: घटना घडते, तिच्यावर मनात एक वाक्य उमटतं आणि त्रास बराचसा त्या वाक्यातून होतो. ‘बोंडअळीने कापूस गेला’ ही घटना. ‘मी कोणत्याच कामाचा नाही’ हे वाक्य. ते वाक्य वहीत उतरवायचं, त्याच्या बाजूचा पुरावा काय, विरुद्ध काय, ते तपासायचं आणि आठवडाभर थोडं वेगळं वागून पाहायचं. उदासी, भीती, अचानक छातीत धडधड होऊन ‘आता जातो’ असं वाटणं, अशा त्रासांवर ही चालते. साधारण १२ ते २० बैठका, आठवड्याला एक. निम्मं काम तुमच्या घरी होतं. वही कोरी आली, तर ती बैठक मागचा आठवडा आठवण्यातच संपते.

ज्याला उठावंसंच वाटत नाही, शेताकडे पाय वळत नाही, त्याला आम्ही वहीपासून सुरुवात करायला लावत नाही. आधी हालचाल. सकाळी गोठ्यापर्यंत जाणं, मित्राच्या ओट्यावर दहा मिनिटं बसणं, अशी छोटी कामं वेळ ठरवून करायची, मन लागो न लागो. मन मागून येतं. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत या पद्धतीचा सहा ते आठ बैठकांचा कार्यक्रम तपासला गेला. बोलणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे लोक होते. २०१७ साली त्याचे निष्कर्ष छापून आले: तीन महिन्यांनी ६४ टक्के लोकांची उदासी ओसरली होती. ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं. ‘नुसत्या बोलण्याने काय होते’ असं विचारणाऱ्या काका-मामांना आम्ही हे आकडे सांगतो. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातही ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला होता. तिथे उदासीसाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे आपल्याकडची माणसं बोलत नाहीत, हे खरं नाही. बोलायला जागा लागते.

पुन्हा पुन्हा हात धुणं, कडी लागली की नाही ते वीस वेळा पाहणं, या त्रासाची पद्धत वेगळी आहे. ज्याची भीती वाटते त्याला थोडं थोडं सामोरं जायचं आणि धुणं-तपासणं मुद्दाम रोखायचं. पहिले आठवडे घाम फुटतो. घरच्यांनी ‘हो, लागली कडी’ म्हणत धीर देणंही बंद करायचं असतं आणि सगळ्यात जड तेच जातं. ही पद्धत अर्ध्यावर सोडणार असाल तर सुरू करू नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो.

घरातला माणूस गेल्याचं दुःख, सासरी-माहेरी किंवा नवरा-बायकोत धुमसणारा वाद, लग्न-बाळंतपण-निवृत्तीने बदललेलं आयुष्य, नाहीतर नुसतं एकटेपण असेल, तर नात्यांवर केंद्रित पद्धत वापरतो. १२ ते १६ बैठका. वाद असला तरी बैठक एकट्याचीच. सासूला ‘समज द्यायला’ बोलावत नाही.

दारूसाठी आलेल्याला आम्ही दारूचे तोटे सांगत नाही. ते त्याला तोंडपाठ असतात. सोडावी असं त्याला स्वतःला कशासाठी वाटतं, ते त्याच्याच तोंडून काढायचं, अशी ही पद्धत. ती एक ते चार बैठकांतही होऊ शकते. फक्त रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करू नये. हात थरथरणं, झटके, भ्रम हे जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवा.

कर्ज, वाटणी, पोराचं शिक्षण अशा डोक्यावर बसलेल्या अडचणींसाठी टप्प्याटप्प्याने तोडगा काढण्याची छोटी पद्धत आहे. त्याने कर्ज माफ होत नाही, पण बँकेत आधी कोणता कागद न्यायचा हे सुचण्याइतकं डोकं मोकळं होतं. लहानपणापासूनचं खोलवर उकरणारी, वर्ष-दोन वर्षं चालणारी मनोविश्लेषणाची वाट आम्ही धरत नाही. त्यासाठी नागपूरला पाठवतो. येत नाही ते काम अंगावर घेत नाही.

आता ज्या चुकीपायी तुमचा आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो, तिच्याकडे येऊ.

सहसा पहिल्या दोन बैठका आम्ही ऐकतो, विचारतो, मोजतो. उपचार खरा सुरू होतो तिसऱ्या बैठकीपासून. पण वर्षानुवर्षं दाबलेलं पहिल्यांदा बोलून टाकलं की हलकं वाटतं, झोप लागते आणि माणूस तिथेच थांबतो. ‘बरं वाटून राह्यलं मॅडम, आता सोयाबीन निघालं की येतो.’ मग सोयाबीन निघतं, कापूस वेचून होतो, तूर येते आणि गडी थेट उन्हाळ्यात उगवतो, आधीपेक्षा वाईट अवस्थेत. वर म्हणतो, ‘मागच्या वेळी काउन्सेलिंगने काही फरक पडला नाही.’ पुन्हा पहिल्यापासून ऐकणं, पुन्हा मोजणं. पहिल्या पावसावर पेरून दुबार पेरणी करणाऱ्याला हा खर्च समजावून सांगावा लागत नाही.

हलकं वाटतं ते खोटं नसतं, पण ते मोकळं झाल्याचं असतं. त्रास ज्या सवयीतून येतो ती सवय अजून तिथेच असते. म्हणून आम्ही दर वेळी उदासी मोजणारा नऊ प्रश्नांचा तो कागद भरून घेतो, ज्यावर बरेच जण कुरकुर करतात. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३, एकूण २७. बेरीज १० किंवा त्याहून जास्त असेल तर तोंडाने ‘बरं आहे’ म्हटलं तरी काम बाकी आहे असं धरायचं. आकडा उतरून काही आठवडे तिथेच राहिला की थांबा असं आम्हीच म्हणतो. लांबवण्यात आम्हाला रस नाही, बाहेर नंबर लावून बसलेले असतात.

थांबायचंच असेल तर सांगून थांबा. एक शेवटची बैठक घेऊ. त्यात पुन्हा त्रास वाढतोय हे ओळखायच्या खुणा आणि तेव्हा काय करायचं, ते लिहून देतो. हंगामात येणं जमत नसेल तर पंधरा दिवसांनी वीस मिनिटं फोनवर बोलतो. बांधावरून बोला, पण एकटे असताना. त्याची फी बैठकीच्या निम्मी. चार बैठका एकदम ठरवणाऱ्याला बाजाराच्या दिवशीची वेळ आधी देतो, म्हणजे एका खेपेत दोन कामं होतात.

वेळ न कळवता चुकली तर निम्मी फी घेतो, यावरही ऐकून घ्यावं लागतं. ती पाऊण तासाची वेळ दुसऱ्या कोणाला देता आली असती, इतकंच कारण. आदल्या संध्याकाळपर्यंत फोन केला तर काही लागत नाही. पाणंद चिखलाने बंद झाली असेल तर सकाळी कळवलं तरी चालतं.

‘पोरगी आत काय बोलली?’ हे आई-वडिलांनी विचारू नये. सोबत आलेल्यांशी आम्ही पहिल्या दिवशी पाच-दहा मिनिटं बोलतो, तेही रुग्णासमोर. त्यानंतर तुम्ही बाहेर बसता. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नुसार गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. तो जिवाला धोका असेल अशा मोजक्या वेळीच बाजूला ठेवता येतो. आणि ‘बीपी तपासायला चाल’ असं खोटं सांगून कोणाला आणू नका. तो माणूस आत येऊन गप्प बसतो आणि बैठक वाया जाते.

जगावंसं वाटत नाही असं कोणी म्हणत असेल, तर आमच्या वेळेची वाट पाहू नका. त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, फुकट आणि मराठीतही आहे.

पहिल्यांदा येताना चालू गोळ्यांच्या चिठ्ठ्या आणि शंभर पानी वही घेऊन या. आमच्याकडे किंवा कुठेही जा, समोरच्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी पाहायला मागा. आमची भिंतीवर लावलेली आहे. वेळ ठरवण्यासाठी दुपारी दोन ते चारमध्ये फोन करा. एरवी आम्ही दोघीही आत बैठकीत असतो, तेव्हा फोन उचलला जात नाही.