कोडची फेरफार पंजी

सोयाबीन सोंगून झालं की माझा भाचा दारव्ह्याजवळच्या आमच्या गावी येतो. यंदा त्यानं सोबत एक छोटा प्रोग्राम आणला होता, कापसाच्या वजनाचा हिशेब करणारा. तो आणि त्याचे दोन मित्र मिळून लिहितात. एका संध्याकाळी दोन गाड्यांचं वजन टाकून पाहिलं, तर आकडा कमी यायला लागला. पोराचा चेहरा उतरला. "मामाजी, हे कोनं बदलवलं?"

प्रोग्राममधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं गिट नावाचं साधन ते वापरतात. त्यानं आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत गिटला जुन्या नोंदी मागितल्या. भराभर ओळी धावल्या. प्रत्येक नोंदीला ४० अक्षरांचा क्रमांक, खाली नाव, तारीख. तिघांच्या नोंदी एकमेकींत मिसळलेल्या. मग मी त्याला गिट-के, म्हणजे गिटच्या नोंदी चित्रात दाखवणारं साधन, उघडून दिलं. नोंदी त्याच, पण डावीकडे रंगीत रेषा, कुठे फुटलेल्या, कुठे पुन्हा जुळलेल्या. एका फाट्यावरच्या ठिपक्यावर क्लिक केलं आणि खाली दोन ओळी दिसल्या. लाल म्हणजे जुन्या ओळीत क्विंटलमागे १ किलो कडता (वजनातली कपात), हिरव्या म्हणजे नव्या ओळीत २ किलो. मित्रानं करून पाहिलेला बदल तसाच राहून गेला होता.

कोणता एडिटर, म्हणजे कोड लिहायचं साधन, चांगला, यावर प्रोग्रामर तासन्‌तास भांडतात. मला वाटतं, कोड लिहिणं हे हाताचं काम आहे आणि कोडचा इतिहास वाचणं हे डोळ्यांचं. म्हणून एकाच माणसाला एडिटर कीबोर्डवर चालणारा आवडतो आणि इतिहास मात्र चित्रात पाहावासा वाटतो. यात विसंगती काहीच नाही.

आधी हाताचं. मी व्हिम वापरतो. त्याचा पूर्वज व्हीआय बिल जॉय यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात लिहिला. घरून काम करताना त्यांच्याकडे ३०० बॉडचा मोडेम होता, म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. २४ ओळी, ओळीत ८० अक्षरं असा भरलेला पडदा उमटायला मिनिटाहून जास्त वेळ लागणार. म्हणून कमीत कमी कळांत जास्तीत जास्त काम होईल अशा आज्ञा त्यांनी ठेवल्या. ज्या गावात पावसाची सर आली की टॉवरही जातो, तिथे बसून मला ही गोष्ट फार जवळची वाटते. या आज्ञा काही महिन्यांत बोटांत बसतात. सायकल चालवताना तोल कसा सांभाळायचा हे आपण आठवत नाही, तसंच हे. भाचा व्हीएस कोड वापरतो, २०१५ मध्ये आलेला. त्यात आज्ञा पाठ नसली तरी मेनूत दिसते, आणि आठवण्यापेक्षा ओळखणं मेंदूला सहसा सोपं जातं. नवशिक्यानं तोच घ्यावा.

आता डोळ्यांचं. अ‍ॅन ट्रीझमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० मध्ये मांडलं, की रंग, रेषेचा कल यांसारख्या गोष्टी डोळा मुद्दाम लक्ष न देता, एका नजरेत टिपतो. हिरव्या तुरीत एक पिवळं झाड बांधावरूनच दिसतं, ओळीनं शोधावं लागत नाही. मजकुराचं तसं नाही, तो ओळीनं वाचावा लागतो. आणि तिघांच्या बदलांच्या तीन फांद्या कुठे फुटल्या, कुठे जुळल्या हे वाचता वाचता डोक्यात धरून ठेवायला तात्पुरती स्मृती अपुरी पडते.

मुळात ही नोंद ठेवण्याची पद्धत आपल्याला अनोळखी नाही. सातबारा आज जमीन कोणाच्या नावे आहे ते सांगतो. ती तशी कशी झाली ते फेरफार पंजी सांगते. गिट ही कोडची फेरफार पंजी. फरक मोठा आहे तो असा, की गिट प्रत्येक नोंदीला फक्त बदल लिहून ठेवत नाही, त्या क्षणाचं पूर्ण चित्र ठेवतं. न बदललेल्या फाइली पुन्हा न साठवता जुन्यांकडेच बोट दाखवतं. लाल-हिरव्या ओळी आपण विचारल्यावर तिथल्या तिथे काढल्या जातात, त्यासाठी यूजीन मायर्स यांनी १९८६ मध्ये मांडलेली रीत मूळ धरली आहे. आणि तो ४० अक्षरी क्रमांक नोंदीच्या मजकुरातून आणि आधीच्या नोंदीच्या क्रमांकातून निघतो. मागची एक नोंद कोणी गुपचूप खोडली, तर पुढचे सगळे क्रमांक बदलतात. फेरफारासाठी चकरा मारलेल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको.

लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहिलं, तेव्हापासून ही पंजी प्रत्येकाच्या लॅपटॉपवर पूर्ण असते. लाईन गेली, नेट गेलं, तरी बॅटरीवर नोंदी चालू राहतात. चित्र दाखवणारं साधन फक्त तीच पंजी वाचतं, त्यामुळे तीन मित्रांनी तीन वेगळी साधनं वापरली तरी नोंदीला धक्का लागत नाही.

लॅपटॉप जुना असेल तर एक ध्यानात ठेवा. व्हीएस कोडच्या पोटात अख्खा ब्राउझर असतो, मेमरी बरीच लागते. गिट-के हलकं आहे, आणि विंडोजवर गिट बसवलं की सोबतच येतं. भाच्यानं त्या रात्री कडता पुन्हा १ किलो केला, नोंद केली, आणि सकाळी बसस्टँडवर रेंज आल्यावर ती मित्रांकडे पाठवली.