खड्ड्यात राहिलेली जमीन

सह्याद्रीत गुहा म्हटली की लेणं डोळ्यांपुढे येतं, छिन्नीने कोरलेलं. आपला बेसॉल्ट पाण्याला सहजी दाद देत नाही. चुनखडी देते. कार्बन डायऑक्साइडमुळे किंचित आम्लधर्मी झालेलं पावसाचं पाणी तिला आतून खात जातं. भेगा रुंदावतात, पोकळ्या होतात, छत ढासळून विवरं पडतात. स्लोव्हेनिया-इटलीच्या सीमेवरच्या पठारावरून अशा भूरूपाला ‘कार्स्ट’ हे नाव पडलं.

इथे एक गल्लत हमखास होते: खडकाचं वय तेच गुहेचं वय समजलं जातं. आंध्रातल्या बेलम गुहेचा खडक कॅम्ब्रियनपूर्व, म्हणजे सुमारे ५४ कोटी वर्षांहून जुना आहे, पण गुहा त्या मानाने अगदी अलीकडची. प्राचीन कार्स्ट म्हणजे विवरं त्या काळीच पडलेली आणि त्या काळीच बुजलेली.

मध्य ॲरिझोनातली मेस्कल चुनखडी हे त्याचं ठळक उदाहरण. सुमारे १२० कोटी वर्षांपूर्वी समुद्रात साचलेला हा खडक पुढे उघडा पडला, पावसाने झिजला. मागे उरले न विरघळणाऱ्या चर्टचे, म्हणजे गारगोटीच्या जातीच्या दगडाचे, टोकदार तुकडे. ते पोकळ्यांत कोसळले आणि सिलिकाने सांधले गेले.

तेव्हाची जमीन ओसाड होती, असंच बराच काळ मानलं जाई. वनस्पती जमिनीवर आल्या त्या जेमतेम ४७ कोटी वर्षांपूर्वी. उघडी जमीन धुपून जाते, पुरावा ठेवत नाही. खड्डा ठेवतो.

१९८५ मध्ये भूवैज्ञानिक पॉल नॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवलं, की मेस्कलच्या या जुन्या पृष्ठभागालगत हलका कार्बन (कार्बन-१२) जास्त आहे. मातीतले जीव श्वसनातून असाच कार्बन सोडतात, आणि तो पाण्यासोबत खडकात मुरतो. पण हा सगळा अप्रत्यक्ष पुरावा. खुद्द जीव कुठे होते? १९९४ मध्ये नॉथ आणि रॉबर्ट होरोडिस्की यांनी ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत तेच मांडले: मेस्कलच्या, तसंच कॅलिफोर्नियातल्या सुमारे ८० कोटी वर्षांच्या बेक स्प्रिंग डोलोमाइटच्या (हा चुनखडीसारखाच खडक) बुजलेल्या विवरांतल्या चर्टमध्ये सापडलेले सूक्ष्मजीवांचे जीवाश्म.

२००९ मध्ये नॉथ आणि मार्टिन केनेडी ‘नेचर’मध्ये आणखी पुढे गेले. कॅम्ब्रियनपूर्व काळाच्या अखेरीस जमिनीवर प्रकाशसंश्लेषक जीवांचं आच्छादन जगभर पसरलं, असा त्यांचा दावा, तोही हलक्या कार्बनच्या आधारे. हे मात्र सर्वांना पटलेलं नाही. हलक्या कार्बनला दुसरी कारणंही असू शकतात. माझा स्वतःचा भरवसा कार्बनच्या आकड्यांपेक्षा चर्टमधल्या त्या जीवाश्मांवर जास्त.