तुरुंग वेगळा, काळी यादी वेगळी

जुन्या हॉलिवूडबद्दल मराठीत काहीही वाचायला घ्या, एक वाक्य हमखास भेटतं: कम्युनिस्टांच्या मागे लागलेल्या मॅकार्थीने हॉलिवूडमधल्या दहा जणांना तुरुंगात टाकलं आणि सरकारने त्यांच्या कामावर बंदी घातली. सिनेमावर मनापासून प्रेम करणारी माणसंही हे लिहितात, म्हणून जास्त त्रास होतो.

मॅकार्थीची चूक किरकोळ आहे, ती आधी उरकतो. तो अमेरिकेचा सिनेटर होता. हॉलिवूडमध्ये कम्युनिस्ट आहेत का याची चौकशी केली ती प्रतिनिधिगृहाच्या समितीने, म्हणजे दुसऱ्याच सभागृहाच्या. सुनावणी झाली ऑक्टोबर 1947 मध्ये. मॅकार्थीचं नाव देशभर झालं ते फेब्रुवारी 1950 मधल्या एका भाषणानंतर. त्या काळाला त्याचं नाव चिकटलं, म्हणून सगळंच त्याच्या खात्यावर जमा होतं. चॅप्लिनलाही या दहांत बसवू नका. 1952 मध्ये तो बोटीने लंडनला निघालेला असताना त्याचा परतीचा परवाना रद्द झाला, ते प्रकरण स्वतंत्र आहे.

खरा घोळ वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात आहे. सरकारने कामावर बंदी घातलीच नव्हती.

दहा जणांची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. डाल्टन ट्रम्बो, रिंग लार्डनर ज्युनिअर, जॉन हॉवर्ड लॉसन वगैरे. बहुतेक लेखक, एडवर्ड डमिट्रिक आणि हर्बर्ट बीबरमन हे दिग्दर्शक. कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात का किंवा कधी होतात का, या प्रश्नाला त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही. विचारस्वातंत्र्य देणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीवर त्यांची भिस्त होती. 24 नोव्हेंबर 1947 रोजी प्रतिनिधिगृहाने 346 विरुद्ध 17 मतांनी त्यांच्यावर संसदेच्या अवमानाचा ठपका ठेवला. खटले चालले, सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला आणि 1950 मध्ये सगळे आत गेले. आठ जणांना एक वर्ष, डमिट्रिक आणि बीबरमन यांना सहा महिने. गुन्हा होता उत्तर न देण्याचा. कम्युनिस्ट असण्याबद्दल त्यांच्यातल्या कुणालाही शिक्षा झालेली नाही.

आता काळी यादी, म्हणजे कुणाला काम द्यायचं नाही याची. प्रतिनिधिगृहात मतदान झालं त्याच आठवड्यात न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात स्टुडिओंचे मालक आणि मोठे अधिकारी जमले. तिथून एक पत्रक निघालं: या दहांना पगाराविना घरी बसवतो, निर्दोष सुटल्याशिवाय किंवा अवमानाचा डाग धुऊन, आपण कम्युनिस्ट नाही असं शपथेवर सांगितल्याशिवाय परत घेणार नाही, आणि इथून पुढे माहीत असून कुठल्याही कम्युनिस्टाला काम देणार नाही. या पत्रकामागे ना कायदा होता, ना कोर्टाचा हुकूम. भीती होती ती प्रेक्षक पाठ फिरवतील आणि पैसे लावणारे हात आखडतील याची. वॉशिंग्टनमधलं मतदान आणि न्यूयॉर्कमधली बैठक एका आठवड्यात झाल्यामुळेच दोन्ही गोष्टी एक वाटतात.

त्या वेगळ्या आहेत हे तपासायचं असेल तर दोन दिग्दर्शक शेजारी शेजारी ठेवा.

डमिट्रिकने तुरुंगवास भोगला. कायद्याच्या हिशेबाने विषय संपला. तरी बाहेर आल्यावर काम मिळेना. मग एप्रिल 1951 मध्ये तो पुन्हा त्याच समितीपुढे गेला, जुन्या सोबत्यांची नावं घेतली आणि हॉलिवूडमध्ये परत कामाला लागला. त्या नावांत ज्यूल्स दासँ होता. दासँवर कधी खटला झाला नाही, समितीपुढे त्याची साक्षही झाली नाही. पण हॉलिवूडचं दार बंद झालं ते झालंच. काही वर्षं हाताला काम नव्हतं. शेवटी फ्रान्समध्ये त्याने 'रिफिफी' केला आणि 1955 मध्ये कान महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार घेतला. तुरुंगात जाऊन आलेला हॉलिवूडच्या आत, कोर्टाची पायरीही न चढलेला बाहेर. सरकारी बंदी म्हणणाऱ्यांनी हे एकदा जुळवून दाखवावं.

1951 पासून समितीने बोलावलेल्यांनी दहांच्या अनुभवावरून धडा घेतला आणि पाचव्या घटनादुरुस्तीचा आधार घेतला: स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही. त्यामुळे तुरुंग टळला, काम मात्र गेलंच. मग स्वतःपुरतं बोलून बाकीच्यांबद्दल गप्प का नाही बसले, असं लोक मला विचारतात. कारण ती सोय नव्हती. स्वतःबद्दल एकदा उत्तर दिलं की पाचव्या दुरुस्तीचं कवच गेलं, असाच कायद्याचा अर्थ तेव्हा लावला जात होता. मग दुसऱ्याचं नाव सांगायला नकार दिला की पुन्हा अवमान, पुन्हा तुरुंग. म्हणून माणसं पहिल्या प्रश्नापासूनच गप्प राहत, आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ स्टुडिओ आपल्या सोयीने लावत. असाच गप्प राहिलेल्या अब्राहम पोलोन्स्कीने दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट केला 1948 मध्ये. त्याच्या नावावर दुसरा आला 1969 मध्ये.

यात मला सर्वांत क्रूर वाटतं ते हे की, सुटायचा मार्ग असलेली 'नावं' समितीकडे बहुतेक वेळा आधीच असायची. माहिती नकोच होती. माणसाने सगळ्यांसमोर मित्राचं नाव उच्चारावं, एवढंच हवं होतं.

म्हणून 'बंदी' हा शब्द मला इथे अजिबात पटत नाही. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: वाळीत टाकणं. गावकी हुकूम कागदावर देत नाही. पाणी तोडते, लग्नाकार्याला बोलावत नाही, आणि दंड भरून पाया पडलात की परत घेते. हॉलिवूडमध्येही स्टुडिओंची सही-शिक्क्याची अशी यादी कुणी दाखवत नसे. फोन यायचे थांबत. 'रेड चॅनेल्स' ही 151 नावांची पुस्तिका छापलेली होती खरी, पण ती रेडिओ-टीव्हीवाल्यांसाठी, आणि काढली होती एका खासगी प्रकाशकाने.

वाळीत टाकलेल्यांचं लेखन मात्र सगळ्यांना हवं होतं, स्वस्तात आणि नाव न लावता. मार्च 1957 च्या ऑस्कर सोहळ्यात 'द ब्रेव्ह वन'च्या कथेसाठी रॉबर्ट रिच हे नाव पुकारलं गेलं. मंचावर गेला तो लेखक संघटनेचा प्रतिनिधी, कारण रॉबर्ट रिच नावाचा लेखकच नव्हता. कथा ट्रम्बोची होती. 1960 मध्ये 'स्पार्टाकस' आणि 'एक्झोडस'च्या श्रेयनामावलीत त्याचं नाव उघड आलं तेव्हा तुरुंगातून सुटून त्याला नऊ वर्षं झाली होती. 'रोमन हॉलिडे' 1953 चा. तीही कथा ट्रम्बोचीच, पण त्यावर मित्राचं नाव होतं. ट्रम्बो 1976 मध्ये गेला. त्या चित्रपटाच्या लेखनाचं श्रेय लेखक संघटनेने त्याच्या नावावर केलं 2011 मध्ये.