उजव्या सीटचा पगार आणि पंधराशे तासांची अट

इंदूरच्या रामबाग-लोकमान्यनगरात बारावीनंतर पायलट व्हायचं म्हटलं की घरात हमखास दोन आकडे फिरतात: उड्डाणाचे 1500 तास आणि सहवैमानिकाला, म्हणजे उजव्या सीटवर बसणाऱ्याला, ताशी 90 डॉलर पगार. दोन्ही खरे, पण दोन्ही अमेरिकेतले.

तिथे 1978 मध्ये विमान वाहतुकीवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि कमी अंतराच्या फेऱ्या हळूहळू छोट्या प्रादेशिक कंपन्यांकडे गेल्या. पुढे करारांची पद्धत रूढ झाली. तिकीट मोठी कंपनी विकते, इंधनाचा खर्चही बहुधा तीच उचलते आणि छोटीला फेरीमागे ठरलेली रक्कम देते. करार संपला की स्वस्तात उडवणाऱ्याला काम. अशा धंद्यात कात्री लावायला उरतो तो पगार. वैमानिकही मुकाट सोसत, कारण ही नोकरी म्हणजे मोठ्या कंपनीत जाण्याआधी तास भरायची जागा.

पगार मोजायची रीतही मासलेवाईक. मीटर सुरू होतो विमान गेटवरून हललं की, आणि थांबतो ते पुन्हा गेटला लागलं की. उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून केलेली तपासणी, कागदपत्रं, धुक्यात टर्मिनलवर काढलेले तास यांचे पैसे जवळपास नाहीतच. पूर्वीचा ताशी 21 डॉलरचा दर आणि महिन्याला 75 तासांची हमी धरली, तर वर्षाचे होतात 18,900 डॉलर.

12 फेब्रुवारी 2009 रोजी कोलगन एअर या प्रादेशिक कंपनीचं विमान बफेलोजवळ कोसळून 50 जण गेले. सहवैमानिक मुलीचा पगार वर्षाला 16 हजार डॉलरच्या आसपास असल्याचं सुनावणीत निघालं. कंपनीने नंतर जास्त आकडा सांगितला. ड्यूटीसाठी ती आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून विमानाने नेवार्कला आली होती. लोक खवळले. 2010 मध्ये कायदा झाला आणि 2013 पासून सहवैमानिकालाही एटीपी हे वैमानिकाचं सर्वात वरचं लायसन्स, म्हणजे साधारण 1500 तास, सक्तीचे झाले. आधी 250 तासांचं कमर्शियल लायसन्स पुरायचं. सवलती आहेत: लष्करी वैमानिकांना 750, विमानशास्त्राच्या पदवीधरांना 1000.

गंमत अशी, की कोसळलेल्या विमानाच्या दोन्ही वैमानिकांकडे 1500 पेक्षा जास्त तास होते. कॅप्टनकडे 3,379, सहवैमानिक मुलीकडे 2,244. वेग घटल्याचा इशारा मिळताच कॅप्टनने नाक खाली करायचं सोडून कॉलम, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करायचा दांडा, मागे ओढला. ही चूक तासांच्या अटीने सुटणारी नव्हती. अटीने केलं ते वेगळंच: उमेदवारांचा ओघ आटला. कोविडकाळात अनेक वैमानिकांनी मुदतपूर्व निवृत्ती घेतली, मोठ्या कंपन्यांनी पुन्हा भरती काढली आणि जून 2022 मध्ये काही प्रादेशिक कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाचा दर थेट ताशी 90 डॉलर केला. पगार वाढला तो तुटवड्यामुळे.

आपल्याकडे गणित उलटं आहे. डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या नियमाने बारावीला फिजिक्स-मॅथ्स आणि 200 तास झाले की कमर्शियल लायसन्स मिळतं आणि त्यावर एटीआरच्या, म्हणजे छोट्या फेऱ्यांच्या पंख्याच्या विमानाच्या, उजव्या सीटवर बसता येतं. 1500 तास लागतात ते पुढे कॅप्टन होताना, एटीपीएलसाठी, म्हणजे आपल्याकडच्या एटीपी लायसन्ससाठी. म्हणून रांग दाराशीच लांबते आणि रांगेतल्याला भाव नसतो. त्या त्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान उडवायची खास परवानगी, बहुतेक वेळा उमेदवार स्वतःच्या खिशातून करतो, तेही लाखांत. शिवाय 2017 पासून सहवैमानिकाला नोकरी सोडायची तर सहा महिन्यांची नोटीस.

त्या 200 तासांचेही पोटभाग आहेत. 100 तास स्वतः कमांडमध्ये, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन, त्यांतले 15 अर्जाआधीच्या सहा महिन्यांत. 50 तास क्रॉसकंट्री, म्हणजे एका विमानतळावरून दुसऱ्याकडे, त्यात 300 नॉटिकल मैलांची एक फेरी आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण लँडिंग. 10 तास इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे बाहेर न बघता उपकरणांवर उडवायचे. 5 तास रात्रीचे. घोटाळा होतो तो त्या 15 तासांत. पावसाळ्यात फ्लाइंग थंडावतं, फ्लाइंग क्लबचं विमान मेंटेनन्सला जातं, तेवढ्यात सहा महिन्यांची खिडकी सरकते आणि झालेलेच तास पुन्हा विकत घ्यावे लागतात. लायसन्स हाती आलं तरी इन्स्ट्रुमेंट रेटिंगची मुदत वर्षाचीच. नोकरी लागेपर्यंत ते दरवर्षी चेक देऊन जिवंत ठेवायचं आणि शिक्षणाच्या कर्जाचा हप्ताही भरायचा.