सिग्नलच्या पेटीला भोक कुठे पाडायचं, कुठे नाही

पावसाळ्याची पहिली मोठी सर झाली की आमच्याकडे फोन सुरू होतात. "तुमच्या पेटीत पाणी शिरलंय, सिग्नल बंद पडलाय, माणूस पाठवा." आम्ही माणूस पाठवतो. तो पेटीचं दार उघडून आधी छताकडे बघतो. बहुतेक वेळा तिथे होल सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) पाडलेलं एक भोक सापडतं, त्यातून केबल आत आलेली असते आणि भोवती सिलिकॉनचा गोळा थापलेला असतो. आमच्या कारखान्यातून पेटी निघताना ते भोक नव्हतं.

साइटवर काय परिस्थिती असते, याची आम्हाला कल्पना आहे. खांब उभा असतो, केबल वरून लोंबत असते, वाहतूक थोड्याच वेळापुरती वळवलेली असते आणि फिटरच्या हातात ड्रिल असतं. वरून भोक पाडलं की दहा मिनिटांत काम उरकतं. पण त्या दहा मिनिटांपायी पुढे तुमचा अख्खा दिवस जातो, शिडीची गाडी पुन्हा मागवावी लागते आणि अनेकदा कंट्रोलरचं, म्हणजे दिवे चालवणाऱ्या यंत्रणेचं, कार्डही (सर्किट बोर्ड) जातं. तोवर झेब्रा क्रॉसिंगवर शाळेची मुलं आणि म्हातारी माणसं हात दाखवत गाड्यांमधून रस्ता ओलांडत राहतात.

पेटीवरचा 'आयपी 55' किंवा 'आयपी 65' हा शिक्का तुम्ही टेंडरमध्ये पाहतच असाल. धूळ आणि पाणी पेटी किती अडवते, ते तो सांगतो. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पाण्याचा 5 म्हणजे 6.3 मिलिमीटरच्या नोझलमधून मिनिटाला साडेबारा लिटर पाणी, अडीच ते तीन मीटर अंतरावरून, सगळ्या बाजूंनी, किमान तीन मिनिटं मारायचं. ही चाचणी दार बंद असलेल्या आणि मूळ भोकांत ग्लँड (केबलभोवती घट्ट आवळणारी बूच) किंवा प्लग बसवलेल्या पेटीची असते. नंतर कुणी छताला एक भोक वाढवलं, की तो शिक्का त्या पेटीला लागू राहत नाही.

"पण सिलिकॉन लावलंय ना!" हे उत्तर आम्ही दरवर्षी ऐकतो. म्हणून हा भाग जरा सावकाश सांगतो. सिग्नलची पेटी दिवसभर श्वास घेते. उन्हात आतली हवा समजा 55 अंशांपर्यंत तापली आणि दुपारी सर येऊन ती 25 अंशांवर उतरली, तर तिचं आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी घटतं. 100 लिटरच्या पेटीत ही तूट 9 लिटरची होते, आणि ती भरून काढायला पेटी बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून ओढते. फट तळाशी असेल तर हवा आत येते. फट छतावर असेल आणि तिथे पाणी साचलेलं असेल, तर पाणीच ओढलं जातं. केसाएवढी फट त्याला पुरते. पत्रा रोज तापतो आणि निवतो, वाहनांनी केबल हादरत राहते, त्यामुळे सिलिकॉनचा गोळा कुठेतरी सुटतोच.

याच कारणासाठी आम्ही तळाला ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची छोटी वाट, देतो. तो मुंग्या शिरतात म्हणून पुट्टीने बुजवू नका. त्याच्या आत बारीक जाळी असते.

सिलिकॉनबद्दल आणखी एक. लावताना ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ते सिलिकॉन सुकताना अॅसिटिक अॅसिड सोडतं. बंद पेटीत ते तांब्याच्या टोकांवर आणि कार्डावर बसून हिरवा गंज धरतो. पेटीत वापरायचंच असेल तर न्यूट्रल प्रकारचं घ्या. दुकानात मागितलं की मिळतं.

आणि ड्रिलचा चुरा! छताला भोक पाडलं की लोखंडी चुरा सरळ खाली कंट्रोलरवर पडतो. त्या दिवशी सिग्नल व्यवस्थित चालतो. आठवडाभराने दमट हवेत चुरा गंजतो, कार्डावरच्या दोन ट्रॅकच्या (तांब्याच्या रेघांच्या) मध्ये अडकतो आणि पादचाऱ्यांचा हिरवा दिवा लागेनासा होतो. बिघाड कार्डाचा दिसतो, म्हणून कार्ड बदललं जातं. चुरा तसाच राहतो, आणि महिन्याभरात नवं कार्डही जातं.

मग केबल आणायची कशी? तळातून, ग्लँड प्लेटमधून, म्हणजे ग्लँड बसवायच्या सुट्या पत्र्यातून. वरून येणारी केबल पेटीच्या तळाखाली अर्धा फूट उतरवा, तिथे वळण द्या आणि मग वर ग्लँडमध्ये घ्या. केबलवरून ओघळणारं पाणी वळणाच्या टोकाला गळून पडतं. एका ग्लँडमध्ये एकच केबल घाला. दोन बारीक केबल एकत्र कोंबल्या तर मधली फट कितीही आवळली तरी मिटत नाही. रिकाम्या भोकाला प्लग लावा, चिकटपट्टी नको. जमिनीतून येणारा पाइप चेंबरमधली वाफ वर आणतो, म्हणून त्याचं तोंड डक्ट सीलिंग पुट्टीने बंद करा. हे राहून गेलं तर वरून थेंबही न येता दाराच्या आतून पाणी निथळतं, आणि बोल आमच्या गॅस्केटला (दाराच्या कडेच्या रबरी पट्टीला) लागतो.

रस्ता ओलांडण्यासाठी पादचारी दाबतात त्या बटणाच्या छोट्या पेटीतही हीच चूक वेगळ्या रूपात दिसते. आमच्या बटण-पेटीत केबल पाठीमागून, खांबाच्या पोटातून येते. खांबाला भोक नसलं की फिटर केबल बाहेरून फिरवून वरून आत घेतो. इथे मात्र आम्ही हात जोडून सांगतो की हे करू नका. या पेटीला लोक भर पावसात ओल्या हाताने बोट लावतात. तिच्यात फक्त 24 व्होल्टची किंवा त्याहून कमी दाबाची लाइन असावी. 230 व्होल्टची वायर त्याच भोकातून नेऊन पुढे दिव्याला देणं म्हणजे रस्ता ओलांडणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. मोठ्या पेटीच्या दाराची अर्थिंगची वेणीही (दार पेटीला जोडणारी विणलेली तार) काढून ठेवू नका. बिजागरीवर पावडर कोटिंग असतं, तिच्यातून अर्थिंग मिळेलच असं नाही.

बटण-पेटीचा तळ आम्ही मुद्दाम कोरा ठेवतो. ब्रिटनमध्ये तिथे एक छोटा दातेरी शंकू असतो. चालायचा दिवा लागला की तो फिरतो आणि अंध माणसाला बोटांनी कळतं. आपल्याकडे कधी कुणी अशी सोय बसवायची म्हटली, तर आमची पेटी बदलावी लागणार नाही.

दादरला 2020 मध्ये पादचारी सिग्नलवर स्त्रीचं चित्र आलं, तसं हवं असेल तर दिव्याचं पूर्ण घर बदलायची गरज नसते. बदल पुढच्या चित्रात होतो. फक्त झाकण परत लावताना गॅस्केट मुडपू देऊ नका.

आमच्यापेक्षा स्वस्त पेटी बाजारात मिळते, हे खरं आहे. आम्ही दाराची गॅस्केट यंत्राने एकसलग ओततो. चिकटवलेल्या पट्टीला कोपऱ्यात जोड येतो आणि गळती तिथूनच सुरू होते. भोकं आम्ही कोटिंगच्या आधी पाडतो, म्हणजे कापलेली कडा उघडी पडत नाही आणि रंगाखालून गंज धावत नाही. रत्नागिरी, मालवण, पणजी किंवा मुंबईच्या समुद्रालगतच्या कामाला आम्ही साधा पत्रा सुचवत नाही. तिथे 316 प्रतीचं स्टेनलेस घ्या. महाग पडतं, पण खाऱ्या वाऱ्याला 304 प्रतीच्या स्टेनलेसवर डाग पडतात आणि तक्रार शेवटी तुमच्याच दारात येते.

ऑर्डर देताना आम्ही केबलची यादी मागतो: किती केबल, बाहेरून जाडी किती, कुठल्या बाजूने येणार. काहींना ही अडवणूक वाटते. पण यादी मिळाली की ग्लँड प्लेटला नेमकी भोकं पाडूनच पेटी येते आणि साइटवर ड्रिल काढावंच लागत नाही. यादी ठरली नसेल तर तसं सांगा, आम्ही सोबत एक कोरी प्लेट जादा देतो. ती चार बोल्टने सुटते. खाली उतरवून, पेटीपासून लांब नेऊन भोक पाडा आणि परत बसवा.

छताला भोक पडून गेलं असेल, तर आधी आतला चुरा व्हॅक्यूमने काढा. फुंकर मारू नका, तो कार्डात आणखी आत जातो. मग केबल तळातून फिरवा. छतावर बसणारी उताराची टोपी आमच्याकडे तयार मिळते, ती गॅस्केटसकट बोल्टने बसते. मापासाठी फोटो पाठवाल तेव्हा दार उघडून छताचा आतल्या बाजूने एक फोटो नक्की काढा. आम्ही तोच आधी बघतो.